केस तुटतायत आणि लग्न तोंडावर आलंय

ताई, नमस्कार.

मी बार्शीची, वय २५, बँकेत नोकरी करते. माझे केस मुळात कुरळे. मागच्या वर्षी मार्चमध्ये रीबॉन्डिंग केलं, तेव्हा छान झाले होते. मध्ये दोन-तीनदा पाकिटातली काळी मेहंदी लावली. मुळाशी पुन्हा कुरळे दिसायला लागले म्हणून यंदा जानेवारीत दुसऱ्या पार्लरमध्ये स्मूथनिंग केलं. फेब्रुवारीपासून केस तुटायला लागले. आधी अगदी मुळाशी तुटायचे, आता टाळूपासून चार बोटांवर तुटतात, आणि काही वीतभर खाली, मानेजवळ. उशीवर, कंगव्यात, ऑफिसच्या टेबलावर केसच केस. वेणी करंगळीएवढी झालीय. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे. पार्लरवाली म्हणते केराटिन कर, केस भरून येतील. मावसबहीण अमेरिकेहून येतेय, ती ‘नो लाय’ रिलॅक्सर आणते म्हणतेय, ते सौम्य असतं म्हणे. आजी म्हणते सरळ गोटा कर, दाट येतील. लग्नासाठी मी डाएटही सुरू केलंय, रात्रीचं जेवण बंद आहे. आणि मला बघायला आले तेव्हा माझे केस सरळ होते, सासरच्यांना कुरळे केस माहीतच नाहीत. काय करू?
— स., बार्शी

प्रिय स.,

घाईची उत्तरं आधी देते. केराटिन करू नकोस. मावसबहिणीला आजच फोन करून रिलॅक्सरचा डबा आणू नकोस म्हणून सांग. गोटा करायची काही गरज नाही. आणि रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. आता कारणं सांगते, कारण कारण कळलं नाही तर पुढच्या महिन्यात कुणीतरी चौथा उपाय सांगेल आणि तू तोही करून बघशील.

तुझे केस कुठे तुटतात हे तू नेमकं लिहिलंस ते फार बरं केलंस. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. जानेवारीपासून आतापर्यंत सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे तुझी चार बोटं. तिथपर्यंतचा केस नवा आहे, कुरळा आहे, त्याला काहीही लागलेलं नाही. त्याच्या खालचा केस जानेवारीत प्रक्रिया झालेला. एक मजबूत आणि एक कमकुवत केस जिथे जोडला जातो, त्या सांध्यावर ताण येतो आणि तिथे तो तुटतो. फेब्रुवारीत हाच सांधा मुळाशी होता, म्हणून तेव्हा मुळाशी तुटत होते. सांधा खाली सरकतोय, एवढंच. दुसरी जागा वीतभर खाली. मागच्या मार्चपासून जानेवारीपर्यंत दहा-बारा सेंटिमीटर वाढ झाली होती, त्यात पुढचे सहा मिळव, म्हणजे एक वीत होते. त्याच्या खालच्या केसावर मार्चचं रीबॉन्डिंगही झालंय आणि जानेवारीचं स्मूथनिंगही. बहुतेक पार्लरांत स्मूथनिंगचं क्रीम हे रीबॉन्डिंगच्या क्रीमचंच भावंड असतं, नाव बदललं तरी आतलं काम तेच. जानेवारीत क्रीम फक्त नव्या, कुरळ्या वाढीला लावायला हवं होतं आणि जुना सरळ केस कंडिशनरने झाकून बाजूला ठेवायला हवा होता. तुला ते मुळापासून टोकापर्यंत ओढून लावलेलं दिसतंय. आणि त्याआधी तुझे चार केस कापून त्यावर क्रीम लावून बघायला हवं होतं. ‘आधी काय काय लावलंय?’ हा प्रश्न कुणी विचारला होता का? मी मुलींना पार्लरचं काम शिकवते तेव्हा पहिले दोन आठवडे मी फक्त हा प्रश्न विचारायला शिकवते. क्रीम लावायला कुणीही एका दिवसात शिकतं.

आता हे क्रीम करतं काय, ते बघ. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन-दोन गंधकांच्या जोडीच्या बंधांनी बांधलेल्या असतात, आणि केसाचा बराचसा आकार आणि बळ त्या बंधांत असतं. आपल्याकडच्या रीबॉन्डिंगमध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट असतं, पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचं माप, नऊ-साडेनऊच्या आसपास. ते हे बंध सोडवतं, मग इस्त्रीने केस सरळ केला जातो, आणि शेवटी न्यूट्रलायझर लावून, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडने, बंध नव्या जागी पुन्हा बांधले जातात. सगळे काही बांधले जात नाहीत. काही कायमचे तुटून राहतात. एकदा केलं तर चांगल्या केसाला ते झेपतं. त्याच केसावर दुसऱ्यांदा केलं की उरलेल्यातलेही जातात.

मावसबहीण आणतेय ते रिलॅक्सर मात्र वेगळ्याच जातीचं रसायन आहे. ते मुळात आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या अगदी घट्ट वळणाच्या केसांसाठी बनलं, आणि त्यात हायड्रॉक्साइड असतं. ‘लाय’ म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपला कॉस्टिक सोडा. ‘नो लाय’ म्हणजे कॉस्टिक सोडा नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्या डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं क्रीम आणि ग्वानिडीन कार्बोनेटचं द्रावण वेगवेगळं येतं. दोन्ही मिसळल्यावर ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं आणि त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात जातो. टाळूला आग थोडी कमी होते म्हणून त्याला सौम्य म्हणतात. केसाला ते मुळीच सौम्य नाही, उलट त्यातलं कॅल्शियम केसावर बसून केस आणखी रुक्ष होतो. थायोग्लायकोलेट बंध सोडवून पुन्हा बांधायला जागा ठेवतं. हायड्रॉक्साइड बंधातला एक गंधकच काढून टाकतं, मग तो बंध परत कधीच जुळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही दोन रसायनं एकाच केसावर चालत नाहीत. रीबॉन्डिंग झालेल्या केसावर हे रिलॅक्सर पडलं तर तो बेसिनमध्ये धुताना हातात लगद्यासारखा येतो. तुझ्या बाबतीत ‘कदाचित’ हा शब्दसुद्धा मी वापरणार नाही. बहीण प्रेमाने आणतेय, तिला हे माहीत नसणार, तेव्हा तिला नीट समजावून सांग.

रिलॅक्सरबद्दल आणखी एक गोष्ट तिलाही कळायला हवी, कारण तिथे ते घरच्या घरीही वापरलं जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तेहेतीस हजारांहून जास्त स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षं पाठपुरावा करून २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. याने कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. तू दोनदा केलंस म्हणून घाबरून जाऊ नकोस. पण जन्मभर दर दोन महिन्यांनी करायची ही गोष्ट नाही, एवढं यातून मी नक्की घेते.

आता केराटिन. नाव फसवं आहे. बाहेरून लावलेलं केराटिन तुटलेल्या केसात जाऊन बसत नाही आणि केस ‘भरून’ तर मुळीच येत नाही. केसावर एक लेप बसतो, दोन-तीन महिने केस चमकतात, मग लेप धुऊन जातो आणि खाली जे होतं तेच उरतं. हा लेप बसवायला इस्त्री २२०-२३० अंशांवर नेतात आणि एकाच बटेवरून सात-आठ वेळा फिरवतात. तुझा चार बोटांवरचा सांधा एवढी उष्णता सोसणार नाही. शिवाय जुन्या धाटणीच्या केराटिनमध्ये तापल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलंय. डोळे चुरचुरणं, घसा धरणं ही त्याचीच खूण, आणि आमच्या मुली दिवसभर त्याच धुरात उभ्या असतात, याचं मला फार वाईट वाटतं. ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ म्हणून जे विकतात त्यात अनेकदा ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात फ्रेंच डॉक्टरांनी ट्युनिशियातल्या एका २६ वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. तिने २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये अशी ट्रीटमेंट केली आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. लग्नाआधी हे कशाला अंगावर घ्यायचं?

आजीचा गोटा. आजीला सांग, वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. नंतर येणारा केस बोथट टोकाचा असल्यामुळे हाताला जाड लागतो, बस्स. तुझी मुळं धडधाकट आहेत, नाहीतर चार बोटं नवा केस आला नसता.

एक खात्री मात्र करून घे. उद्या सकाळी विंचरताना पडलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात बघ. ज्या केसाच्या एका टोकाला पांढरट, बारीक गाठ दिसते तो मुळातून गळलेला. ज्याला गाठ नाही, दोन्ही टोकं सारखी, लांबीही आखूड, तो मधे तुटलेला. मुळातून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच होतं. पण गाठवाले केस त्याहून बरेच जास्त दिसले तर ते क्रीमचं काम नाही. अपुरं खाणं, ताप, आजारपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती लागते. म्हणून तुझं ते डाएट मला धोक्याचं वाटतं. आता उपाशी राहिलीस तर गळती नेमकी लग्नाच्या सुमाराला सुरू होईल, आणि मग तुटणं आणि गळणं दोन्ही एकदम सोसावं लागेल. रात्री भाकरी, वरण, मोड आलेली मटकी, चालत असेल तर अंडं, असं साधं जेवण जेव. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घे. आपल्याकडे तरुण मुलींत लोह कमी असणं फार सर्रास आहे. बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी म्हणून विकतात त्या जीवनसत्त्वाच्या, गोळ्या मनाने सुरू करू नकोस. शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा केसांना फायदा नाही, आणि जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घेत असलीस तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांग.

तुटलेला केस परत जुळत नाही. कातडीच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला औषध लागू पडत नाही. बाजारात बंध दुरुस्त करते म्हणून विकतात त्या बॉन्ड ट्रीटमेंटने काही केसांना थोडं बळ येतं, पण फुटलेली टोकं कुणीही चिकटवून देत नाही. हे मी स्पष्ट लिहितेय, म्हणजे तुझे पैसे वाचतील. आपल्या हातात एवढंच आहे की नवा येणारा केस जपायचा आणि जुना केस हळूहळू कापून टाकायचा. आता खांद्यापर्यंत काप. दोनदा प्रक्रिया झालेला बराचसा भाग त्यात जाईल आणि ओढ कमी झाल्यामुळे वरच्या सांध्यावरचा ताण घटेल. मग दर दीड-दोन महिन्यांनी एखादं बोट. लग्न होऊन गेल्यावर किती आखूड करायचे ते तू ठरव. रंग, काळी मेहंदी, स्ट्रेटनिंग, सगळं बंद. पाकिटातल्या काळ्या मेहंदीत रंगाचं रसायन असतंच, काहींत धातूंचे क्षारही असतात, आणि अशा केसावर पेरॉक्साइड पडलं की केस तापून जळतो. जानेवारीत न्यूट्रलायझर लावताना डोकं गरम झाल्यासारखं वाटलं होतं का, आठवून बघ.

रोजचं वागणं सांगते. नुकसान झालेला केस ओला असताना सगळ्यात दुबळा असतो, म्हणून सगळी काळजी न्हाण्याच्या वेळची. न्हाऊन आल्यावर आपण गच्चीत उभं राहून, मान वाकवून, पंचाने केस झटकतो ना, फटफट आवाज करत? ते आजपासून बंद. जुना मऊ सुती टी-शर्ट घे, केस मुठीत धरून हलके दाब, पाणी टिपून घे, चोळू नकोस. गुंता केस कोरडे असताना काढू नकोस, कंडिशनर लावलेला असतानाच, बोटांनी आणि मग रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून वर येत. एका हाताने चार बोटांवरचा सांधा धरून ठेव, म्हणजे ओढ त्याच्यापर्यंत पोचणार नाही. हे एवढं एक जरी केलंस तरी महिन्याभरात कागदावरचे केस कमी झालेले दिसतील.

न्हाण्याआधी दोन-तीन तास, किंवा आदल्या रात्री, खोबरेल लाव, टाळूपेक्षा केसांच्या लांबीला जास्त. आपल्या आज्या हे करत आल्याच, पण यामागे प्रयोगही आहे. मुंबईतल्या, खोबरेल विकणाऱ्याच एका कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल तपासून बघितलं. धुताना केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. ते केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरच राहतात. विकणाऱ्यांनीच केलेला प्रयोग म्हणून मी आधी जरा सावधपणे घेतला होता, पण वर्षानुवर्षं हाताखालून गेलेल्या केसांनी मला तरी तेच सांगितलं. कांद्याचा रस, लिंबू, खायचा सोडा यांतलं काही नको. शिकेकाईची भरड पावडर सध्या चोळू नकोस, तिचे कण घासतात. आठवड्यातून दोनदा सौम्य शॅम्पू, फक्त टाळूला, आणि प्रत्येक वेळी कंडिशनर. तुमच्याकडे बोअरचं पाणी जड असेल, तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घे.

काळे बारीक रबर फेकून दे, कापडी बँड घे. रोज एकाच जागी चाप लावू नकोस, विशेषतः त्या चार बोटांवर. स्कूटीवर जाताना स्कार्फ करकचून बांधतेस का? आत साटिनचा तुकडा घाल, हेल्मेट त्यावर. उशीला साटिनची खोळ शिव, कुठल्याही दुकानात तुकडा मिळतो.

मुळाशी कुरळे आणि खाली सरळ, हे विचित्र दिसतं हे मला माहीत आहे. त्यावर एक सोपं उत्तर आहे. केस ऐंशी टक्के वाळले की थोडं लीव्ह-इन क्रीम (लावून न धुता ठेवायचं) लावून चार-पाच सैल वेण्या घाल आणि झोप. सकाळी सोडल्यावर सरळ भागालाही लाट येते आणि दोन्ही मिळून जातात. इस्त्रीची गरज पडत नाही.

लग्नापर्यंत टाळूजवळ बारा-तेरा सेंटिमीटर धड केस असतील. अंबाड्याला ते पुरतात, कारण अंबाडा आपल्याकडे शतकानुशतकं गंगावनावरच उभा आहे. चांगलं गंगावन, खाली जाळी, वर मोगऱ्याचा किंवा अबोलीचा गजरा, मुंडावळ्या, मग आत किती केस आहेत हे कुणाला कळतही नाही. गंगावन हलकं घे, जड घेतलंस तर त्याच सांध्यावर ओढ बसेल. मेकअपवालीला आधीच सांग, बॅककोंबिंग, म्हणजे उलटं विंचरून केस फुगवणं, करायचं नाही, फुगवटा स्पंजच्या पॅडने द्यायचा. साखरपुडा, मेंदी, हळद, लग्न, रिसेप्शन अशा सगळ्या दिवशी मोठी केशरचना नको. दोन दिवस निवड, बाकी दिवशी वेणी आणि गजरा. पुढच्या कुरळ्या बटा चेहऱ्याभोवती मोकळ्या सोड, मराठमोळ्या शृंगारात त्या फार गोड दिसतात. रात्री हेअरस्प्रे कोरडा विंचरू नकोस, आधी कंडिशनर ओतून मऊ कर.

आता तुझं शेवटचं वाक्य. ते वाचून मी बराच वेळ थांबले. शाळेत दोन घट्ट वेण्या, तेल चोपडलेलं डोकं, आणि तरी कुणीतरी म्हणणारच, ‘झिपऱ्या झाल्यात, विंचरलंस का?’ आपल्याकडच्या कुरळ्या केसांच्या मुली हे ऐकतच मोठ्या होतात. मग बघायला येणार म्हटल्यावर आधी केस सरळ करून घेतात. तू कुणाला फसवलेलं नाहीस, आणि तुझे केस हा काही लपवलेला आजार नाही. पण हे लग्नाच्या दिवशी कळू देण्यात ताण तुलाच होईल. त्या मुलाला या आठवड्यात सांग, अगदी सहज, ‘माझे केस मुळात कुरळे आहेत, सरळ केलेले तुटतायत म्हणून आता तसेच वाढवतेय.’ पुढच्या भेटीला केस जसे आहेत तसे घेऊन जा. सासूबाई काही बोलल्या तर आईला मधे घालू नकोस, तू स्वतःच सांग. यावरून कुणी नाराज झालंच, तर ते लग्नाआधी कळलेलं चांगलं.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, म्हणून विचारते. जानेवारीत टाळूला आग झाली होती का? फोड, खपली, पाणी? आरशासमोर दुसरा आरसा धरून किंवा आईला सांगून भांगाच्या आसपास नीट बघ. कुठे गुळगुळीत, चकचकीत, बारीक लवही नसलेला डाग दिसला तर वाट बघू नकोस, याच आठवड्यात बार्शीत किंवा सोलापुरात त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. भाजून व्रण झाला तर त्या जागची मुळं कायमची जाऊ शकतात, आणि तिथे मात्र वेळेवर केलेल्या उपचाराने फरक पडतो. जाताना जानेवारीतल्या पार्लरकडून क्रीमच्या डब्याचा फोटो मागून घे. भांडायला जाऊ नकोस, फक्त फोटो माग. त्यावरचे घटक बघून डॉक्टरांचं अर्धं काम होईल.